लिनक्समधील पॅकेज-अवलंबन

लिनक्समधील पॅकेज-अवलंबन : लिनक्स या परिचालन प्रणालीवर एखादी आज्ञावली बसविताना, ती चालण्यासाठी ज्या इतर आज्ञावल्या, लायब्रऱ्या (सामाईक आज्ञावली-संग्रह) वा फाइली यंत्रावर आधीच असाव्या लागतात, त्यांच्याशी असलेल्या तिच्या संबंधास अवलंबन असे म्हणतात. आज्ञावली, तिची माहिती व तिच्या गरजांची यादी एकत्र बांधून जो संच तयार करतात, त्यास पॅकेज ही संज्ञा आहे. गरजेचे पॅकेज न सापडल्यास, सापडूनही योग्य आवृत्तीचे नसल्यास किंवा आधी असलेल्या पॅकेजाशी त्याचा विरोध असल्यास आज्ञावलीची स्थापना अडते. सर्व्हरवर काम करणाऱ्यांना ही अडचण रोजच्या परिचयाची आहे. परंतु तिच्यामागे सु. तीन दशकांचा इतिहास असून त्यात संगणकविज्ञानातील एक कठीण प्रश्नही दडलेला आहे. [⟶ संगणक].

अवलंबनाचे मूळ लायब्ररीच्या कल्पनेत आहे. फाइल उघडणे, अक्षरे छापणे, संदेश कूटबद्ध करणे यांसारखी कामे हजारो आज्ञावल्यांना लागतात. ती प्रत्येकीने स्वतंत्रपणे लिहिण्याऐवजी एकदाच लिहून लायब्ररीत ठेवली जातात. लायब्ररीतील भाग आज्ञावलीत कायमचा मिसळून टाकणे, ही जुनी व सोपी रीत. तिला स्थिर जोडणी म्हणतात. दुसऱ्या म्हणजे गतिक जोडणीच्या रीतीत लायब्ररी वेगळीच राहते व आज्ञावली सुरू होताना तिला शोधून जोडून घेते. १९८० नंतरच्या दशकात युनिक्स प्रणालींमध्ये ही दुसरी रीत रूढ झाली. तिच्यामुळे चकती व स्मृती यांची बचत झाली. पण तिचा खरा लाभ दुरुस्तीच्या वेळी दिसतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपन-एसएसएल या कूटलेखन-लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघड झाला. जेथे गतिक जोडणी होती तेथे लायब्ररीचे एक पॅकेज बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या, की त्या यंत्रावरील तिच्या आधारे चालणाऱ्या सर्व आज्ञावल्या दोषमुक्त झाल्या. स्थिर जोडणी असलेल्या आज्ञावल्या मात्र एकेक हुडकून नव्याने बांधाव्या लागल्या. एकाच ठिकाणची दुरुस्ती सर्वांना पोचते, त्याचप्रमाणे एकाच ठिकाणची उणीव सर्वांना अडवते; अवलंबनाचे गुणदोष असे एकाच मुळातून आलेले आहेत.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लायनस टोर्व्हाल्ड्‌स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली. त्यांनी लिहिला तो केवळ प्रणालीचा गाभा (कर्नल) होता. संकलक, आदेशकवच, संपादक इ. भाग रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून व अन्य ठिकाणांहून आले. म्हणजे लिनक्स ही प्रारंभापासूनच अनेक हातांनी, अनेक गावी घडलेली वस्तू होती आणि तिचे तुकडे जुळवून देण्याचे काम कोणीतरी करणे भाग होते. हे काम करणाऱ्या संचांना वितरण असे नाव पडले. मँचेस्टरच्या संगणक केंद्राचे वितरण १९९२ च्या आरंभी निघाले व एसएलएस हे वितरण त्याच वर्षी आले. एसएलएसमधील त्रुटींना कंटाळून १९९३ मध्ये दोन नवी वितरणे जन्मास आली : जुलैमध्ये पॅट्रिक व्होल्करडिंग यांचे स्लॅकवेअर आणि ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी घोषित केलेले डेबियन. दोन्ही आजही चालू असून पॅकेजांविषयीची त्यांची भूमिका मात्र परस्परविरुद्ध आहे. स्लॅकवेअरची पॅकेजे म्हणजे आवळलेल्या फाइलींचे साधे गठ्ठे. कशास काय लागते हे जाणण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर. डेबियनने ती जबाबदारी पॅकेजावर, म्हणजेच पॅकेज बांधणाऱ्या स्वयंसेवकावर टाकली.

डेबियनचे डीपीकेजी हे साधन १९९४ च्या प्रारंभी मर्डॉक यांनी आदेशकवचाच्या भाषेत लिहिले. पुढे ते पर्ल भाषेत व त्याच वर्षी इयन जॅक्सन यांच्याकडून मुख्यतः सी भाषेत पुन्हा लिहिले गेले. डेबियन पॅकेजाच्या नियंत्रण-फाइलीत संबंधांचे बारकाईने वर्गीकरण केलेले असते. काही पॅकेजे अपरिहार्य, काही शिफारस केलेली, काही केवळ सुचविलेली. काहींशी विरोध, तर काहींची जागा घेण्याचा अधिकार. ‘पुरवितो’ हा संबंध विशेष कल्पक आहे. टपाल पोचविणारी आज्ञावली हवी, एवढेच एखादे पॅकेज सांगते. ती एक्झिम असो की पोस्टफिक्स, दोन्ही ते आभासी नाव पुरवितात व गरज भागते. रेड हॅट कंपनीसाठी मार्क यूइंग व एरिक ट्रोन यांनी लिहिलेले आरपीएम हे साधन १९९५ मध्ये रेड हॅट लिनक्सच्या २.० या आवृत्तीबरोबर आले. पॅकेज बांधताना आतील आज्ञावल्या तपासून त्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्यांची नावे यंत्रानेच नोंदवावीत, हे त्याचे वैशिष्ट्य. या दोन साधनांच्या वर्तनातील एक भेद दुरुस्ती करणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गरज भागत नसेल तर आरपीएम स्थापनेस आरंभच करीत नाही. डीपीकेजी मात्र सामान्यतः पॅकेज उलगडून फाइली जागेवर ठेवते व जुळणीची शेवटची पायरी तेवढी थांबवून धरते. त्यामुळे डेबियन यंत्रावर पॅकेज ‘आहे पण चालत नाही’ अशा अधांतरी अवस्थेत सापडू शकते.

लायब्ररीची आवृत्ती बदलली की काय होते, याचा मोठा अनुभव १९९७–९८ मध्ये आला. त्यापूर्वी एक संक्रमण होऊन गेले होते. जुन्या ‘ए-आउट’ या फाइल-प्रकारात प्रत्येक सामाईक लायब्ररीला स्मृतीतील ठराविक पत्ता आगाऊ नेमून द्यावा लागे व त्या पत्त्यांची मध्यवर्ती नोंद ठेवावी लागे. १९९५ च्या सुमारास एल्फ हा नवा प्रकार आला व ही कटकट संपली. पुढचे संक्रमण मात्र सर्वांच्या मुळाशी असलेल्या सी भाषेच्या लायब्ररीचेच होते. लिनक्सवरील पाचवी सी-लायब्ररी मागे पडून ग्नू प्रकल्पाची ग्लिबसी २, म्हणजे सहावी, आली. रेड हॅटने डिसेंबर १९९७ मध्ये ५.० या आवृत्तीत व डेबियनने जुलै १९९८ मध्ये २.० या आवृत्तीत ती स्वीकारली. एकाच आज्ञावलीत दोन्ही सी-लायब्रऱ्या एकत्र नांदू शकत नसल्यामुळे, एखादी आज्ञावली नव्या लायब्ररीवर नेताना तिच्या आधाराच्या सर्व लायब्रऱ्याही नव्याने बांधाव्या लागल्या. जुन्या व नव्या अशा दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवता याव्यात म्हणून लायब्ररीच्या नावातच आवृत्तीचा अंक घालण्याची जी शिस्त होती, तिचे महत्त्व या काळात पटले. ग्लिबसीने तर पुढे आपल्या प्रत्येक फलनाच्या नावास आवृत्तीची खूण जोडली. नव्या यंत्रावर बांधलेली आज्ञावली जुन्या सर्व्हरवर नेली असता ‘ग्लिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही’ असा जो संदेश येतो, तो या खुणेमुळेच. हा संदेश पाहून सी-लायब्ररीच बदलू पाहणे हा घातक उपाय होय. यंत्रावरील जवळपास प्रत्येक आज्ञावली तिच्यावर उभी असते आणि बदल फसल्यास साधा आदेश देणेही अशक्य होते. आज्ञावलीच जुन्या यंत्रावर पुन्हा बांधणे किंवा सर्व्हरचे वितरण वरच्या आवृत्तीस नेणे, हेच मार्ग खरे.

गरजांची नोंद झाली, तरी गरजा भागविण्याचे काम माणसाकडेच राहिले होते. अ पॅकेज ब मागते, ब आणावे तर ते क व ड मागते, ड ची उपलब्ध आवृत्ती दुसऱ्याच कशाला तरी मोडते. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात या अवस्थेस ‘अवलंबनाचा नरक’ असे नाव पडले. आरपीएम वापरणारी वितरणे अनेक असल्याने तेथे ती विशेष तीव्र होती. एकाच नावाचे पॅकेज रेड हॅट, सूझे व मँड्रेक या तिन्ही ठिकाणी असे. पण एकाचे दुसऱ्यावर बसेलच अशी शाश्वती नसे. गरजांकडे दुर्लक्ष करून पॅकेज बसविण्याची सक्तीची सोय दोन्ही साधनांत होती व आहे. तिच्यामुळे तक्रार बंद होते, उणीव तशीच राहते.

यातून सुटका डेबियनच्या एपीटी या साधनाने केली. जेसन गंथॉर्प व इतर स्वयंसेवकांनी तयार केलेले हे साधन मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर प्रसिद्ध झाले. त्याची कल्पना साधी होती. सर्व पॅकेजे जाळ्यावरील एका भांडारात ठेवावीत. भांडाराची अनुक्रमणिका यंत्राने उतरवून घ्यावी. मागितलेल्या पॅकेजाच्या गरजा, त्या गरजांच्या गरजा अशी साखळी अखेरपर्यंत काढून सर्व काही योग्य क्रमाने आणून बसवावे. जाळ्याची सोय बेताची असेल तेथे सीडीचाही भांडार म्हणून उपयोग करता येई. भारतात १९९६ पासून एका संगणकविषयक मासिकाच्या सीडींमधून लिनक्स घरोघर पोचू लागले होते व दूरध्वनीच्या तारेवरून मोठी फाइल उतरविणे खर्चाचे होते, हे लक्षात घेता येथील वापरणाऱ्यांना ही सोय किती मोलाची होती याची कल्पना येईल. कोनेक्टिव्हा या ब्राझीलमधील कंपनीने २००० च्या सुमारास एपीटी आरपीएमसाठीही उपलब्ध केले. यलो डॉग या वितरणाचे यूप हे अद्ययावतीकरणाचे साधन अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकी विभागात सेथ व्हिडाल व मायकेल स्टेनर यांनी नव्याने घडविले व त्यातून यम हे साधन निर्माण झाले. विभागातील यंत्रे सांभाळण्याच्या गरजेतून जन्मलेले हे साधन पुढे फेडोराने व २००७ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या पाचव्या आवृत्तीने स्वीकारले. व्हिडाल यांचे जुलै २०१३ मध्ये सायकलवरून जात असताना अपघाती निधन झाले. यमची जागा डीएनएफने फेडोरामध्ये २०१५ त व रेड हॅटच्या व्यापारी वितरणात २०१९ मध्ये घेतली.

साखळी काढणे वाटते तितके सोपे नाही. गरज ‘हे किंवा ते’ अशी असू शकते आणि निवडलेल्या पर्यायाचा दुसऱ्या कशाशी विरोध असू शकतो. प्रत्येक पॅकेजाबाबत ‘घ्यावे’ वा ‘न घ्यावे’ असे दोनच पर्याय धरले, तरी ३० पॅकेजांच्या संचात निवडीचे १०७ कोटींहून अधिक प्रकार होतात. यूरोपीय आर्थिक साहाय्याने २००४ ते २००७ या काळात चाललेल्या ईडॉस प्रकल्पात रोबेर्तो दी कॉस्मो व त्यांचे सहकारी यांनी असे सिद्ध केले की, दिलेले पॅकेज बसविता येईल की नाही हे ठरविणे हा एनपी-पूर्ण या वर्गातील प्रश्न आहे. स्टीव्हन कुक यांनी १९७१ मध्ये तर्कविधानांच्या पूर्तीचा जो प्रश्न या वर्गाचा आद्य नमुना म्हणून मांडला, त्याच्या तोडीचा तो आहे. सर्व प्रसंगी झटपट उत्तर देणारी कोणतीही रीत अशा प्रश्नांसाठी माहीत नाही. सुदैवाने प्रत्यक्षातील भांडारे या सर्वांत वाईट शक्यतेपासून दूर असतात. तर्कविधाने सोडविणाऱ्या आज्ञावल्यांचे तंत्र जून २००८ मध्ये ओपनसूझे ११.० मध्ये पॅकेज-साधनाला जोडण्यात आले. तेच तंत्र पुढे डीएनएफनेही घेतले. जुनी साधने उत्तर असूनही कधीकधी ‘नाही’ म्हणत. नव्यांचे ‘नाही’ बरेचसे विश्वासार्ह असते. भांडारांचा विस्तार पाहता हे आवश्यकच होते. १९९६ च्या डेबियन १.१ मध्ये ४७४ पॅकेजे होती. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्ये ती सु. ७०,००० आहेत.

सर्व्हरवरील दुरुस्ती : अडलेल्या स्थापनेचे निदान करताना उणीव नेमकी कोठे आहे हे आधी पाहावे लागते. पुष्कळदा पॅकेज भांडारात असते, फक्त यंत्रावरील अनुक्रमणिका जुनी झालेली असते. ती ताजी करणे ही पहिली पायरी. हाताने उतरविलेले पॅकेज डीपीकेजीने बसविल्यामुळे अधांतरी राहिले असेल, तर एपीटीला ‘मोडलेले दुरुस्त कर’ असा आदेश देतात. तो भांडारातून उरलेल्या गरजा आणतो किंवा त्या मिळत नसल्यास ते पॅकेजच काढण्याचे सुचवितो. ही दुसरी शक्यता न वाचताच होकार देणारे लोक थोडे नाहीत. एपीटी काय काय काढणार आहे याची यादी सर्व्हरवर तरी ओळ न् ओळ वाचली पाहिजे. हव्या असलेल्या फाइलीचे नाव कळते पण पॅकेजाचे कळत नाही, असेही घडते. रेड हॅट कुळात डीएनएफला व डेबियन कुळात एपीटी-फाइल या साधनाला विचारून ते काढता येते. मूळ संहितेपासून आज्ञावली बांधताना लायब्ररी यंत्रावर असूनही ती सापडत नसल्याची तक्रार येते, कारण बांधणीस लागणाऱ्या शीर्ष-फाइली निराळ्या पॅकेजात असतात. डेबियनमध्ये त्याच्या नावाअखेर ‘डेव्ह’ व रेड हॅटमध्ये ‘डेव्हेल’ असते. काही वेळा पॅकेज असते ते भांडारच बंद ठेवलेले असते. रेड हॅट कुळातील एपेल या पूरक भांडारातील अनेक पॅकेजे आठव्या आवृत्तीपासून अशा एका ऐच्छिक भांडारावर अवलंबून आहेत.

भांडाराचेच आयुष्य संपले असेल, तर चित्र वेगळे दिसते. सेंटओएसच्या आठव्या आवृत्तीचा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी व सातव्या आवृत्तीचा ३० जून २०२४ रोजी संपला. त्यानंतर त्यांची पॅकेजे नेहमीच्या जागेवरून हलवून पुराणभांडारात ठेवण्यात आली आणि काल चालत असलेला स्थापनेचा आदेश भांडाराचा पत्ताच सापडत नाही म्हणून अडू लागला. पत्ता बदलून पुराणभांडारातून पॅकेज घेता येते व तातडीच्या प्रसंगी तसे करावेही लागते. परंतु तेथे नव्या दुरुस्त्या येत नाहीत.

ओपन-एसएसएलची १.१ ही आवृत्ती वगळून एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ प्रसिद्ध झाले, तेव्हा जुन्या आवृत्तीवर बांधलेली बाहेरच्या पुरवठादारांची कित्येक पॅकेजे त्यावर बसेनात. जुन्या वितरणातील लायब्ररीचे पॅकेज उचलून आणून नव्या यंत्रावर बसविण्याचा उपाय लगेच रूढ झाला. तो तांत्रिक दृष्ट्या चालतो, कारण दोन्ही आवृत्त्या भिन्न नावांनी शेजारी राहू शकतात. मात्र असे पॅकेज कोणत्याही चालू भांडारात नसल्याने अद्ययावतीकरणात त्याची दखल घेतली जात नाही. आणि मूळ प्रकल्पाने त्या आवृत्तीचा सार्वजनिक आधार सप्टेंबर २०२३ मध्ये थांबविला. नव्या लायब्ररीस जुन्या नावाचा दुवा देऊन वेळ मारून नेणे हे त्याहून वाईट होय. आज्ञावली सुरू होते, पण तिची मोडतोड कोठे व केव्हा होईल हे सांगता येत नाही.

नोंदीतच नसलेले अवलंबन कोणतेही साधन शोधू शकत नाही. सर्व्हरवर मराठीतील पावत्या वा दाखले तयार करणारी आज्ञावली निर्वेधपणे बसते, चालतेही. पण देवनागरी टंकाचे पॅकेज नसल्यास छापील पानावर अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. लोहित देवनागरीसारखा टंक बसविला की काम भागते. येथे संदेश नाही, अडथळा नाही, म्हणून चूक कागद हाती आल्यावरच कळते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने बॉस हे डेबियनवर आधारित भारतीय वितरण २००७ मध्ये आणले, त्यात भारतीय भाषांची सामग्री मुळातच अंतर्भूत करण्याचे कारण हेच.

अवलंबनाचा प्रश्न टाळण्याचेही प्रयत्न झाले. एल्को डोल्स्ट्रा यांच्या नेदर्लंड्‌समधील उत्रेख्त विद्यापीठातील संशोधनातून उदयास आलेल्या निक्स या साधनात प्रत्येक पॅकेज त्याच्या सर्व गरजांवरून काढलेल्या वेगळ्या खुणेच्या जागी राहते; त्यामुळे कितीही आवृत्त्या एकत्र नांदतात. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने आज्ञावलीबरोबर तिच्या सर्व लायब्रऱ्या एकाच पेटीत घालून देण्याची पद्धत लोकप्रिय केली. पेटी कोठेही नेली तरी चालते, हा तिचा मोठा गुण. मात्र प्रत्येक पेटीत लायब्ररीची आपापली प्रत असल्याने हार्टब्लीडसारख्या प्रसंगी सर्व पेट्या पुन्हा बांधाव्या लागतात. स्थिर जोडणीची जुनी अडचण येथे नव्या रूपात परत आली आहे.

बसलेले पॅकेज चालते एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही, हे २९ मार्च २०२४ रोजी उघड झालेल्या एक्सझेड प्रकरणाने दाखविले. एक्सझेड ही फाइली आवळणारी, जवळपास प्रत्येक वितरणात असलेली आज्ञावली एक स्वयंसेवक दीर्घकाळ जवळजवळ एकट्याने सांभाळीत होता. जिया टॅन असे नाव धारण करणाऱ्या व्यक्तीने वा गटाने दोन वर्षांहून अधिक काळ मदत करीत त्या प्रकल्पात विश्वासाचे स्थान मिळविले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. त्याचे लक्ष्य होते दूरस्थ प्रवेशाची एसएसएच सेवा. ओपन-एसएसएच स्वतः एक्सझेडवर अवलंबून नाही. पण काही वितरणांनी सेवा सुरू झाल्याची सूचना सिस्टिमडीला देण्यासाठी तीत एक जोड घातला होता, त्यामुळे सिस्टिमडीची लायब्ररी आली आणि तिच्या मागून एक्सझेडची. आंड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास प्रवेशास सु. अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले व कारण शोधता शोधता तो या साखळीच्या टोकाशी पोचला. दूषित पॅकेजे तोपर्यंत डेबियनच्या चाचणी-शाखेत व फेडोराच्या आगामी आवृत्तीत शिरली होती. स्थिर वितरणांत ती पोचली नव्हती. जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओपन-एसएसएच ९.८ मध्ये सिस्टिमडीला सूचना देण्याचे ते छोटे काम कोणत्याही बाहेरच्या लायब्ररीविना करण्याची सोय करण्यात आली.